इटालियन रेस्टॉरंटचा मालक आणि गहू बंद: मार्टिन कास्त्रोजोव्हान्नीचं प्रकरण

आमची कोल्हापुरात छोटी खानावळ आहे, वडिलांनी चालू केलेली, आता मी आणि दादा बघतो. दोन वर्षांपूर्वी दादाच्या मुलीला सिलियाक निघाला. म्हणजे गहू आयुष्यभर बंद. पोरगी खानावळवाल्यांच्या घरातली आणि तिला आमच्याच भटारखान्यातलं काय चालतं, काय नाही हे आम्हाला धड सांगता येईना, त्याचं मला फार लागलं. तेव्हा याबद्दल जे मिळेल ते वाचत सुटलो आणि त्यात हा माणूस सापडला. रग्बीवाला, इटलीकडून खेळलेला, इंग्लंडमध्ये इटालियन रेस्टॉरंटमध्ये भागीदार, आणि त्याला हाच आजार. तेव्हापासून त्याचं प्रकरण डोक्यातून जात नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. ज्यांचं हॉटेल आहे, ज्यांच्या घरात असा पेशंट आहे, किंवा ज्यांचं पोरगं तालमीत खुराक खातंय आणि तरी अंगाला लागत नाहीये, त्यांनी तरी वाचाच.

आधी माणूस. मार्टिन कास्त्रोजोव्हान्नी, सगळे कास्त्रो म्हणतात. जन्म २१ ऑक्टोबर १९८१, अर्जेंटिनात पाराना नावाच्या शहरात, नदीकाठचं गाव आहे. पण घराणं मूळचं सिसिलीतल्या एन्नाचं. आणि एक गंमत बघा, एन्ना या गावाचंच जुनं नाव कास्त्रोजोव्हान्नी होतं, १९२० च्या दशकात ते बदलून एन्ना केलं. म्हणजे आपल्याकडे कसं सांगलीकर, निपाणीकर, तसं हे, गाव सुटलं पण आडनावात राहिलं. पोरगा आधी बास्केटबॉल खेळायचा, रग्बीकडे तसा उशिराच वळला. २००१ ला इटलीत काल्व्हिसानो क्लबकडे गेला आणि २००२ ला थेट न्यूझीलंडविरुद्ध इटलीकडून पहिली मॅच, हॅमिल्टनला. शेवटी एकूण ११९ आंतरराष्ट्रीय मॅच आणि १२ ट्राय, ट्राय म्हणजे बॉल समोरच्यांच्या रेषेपलीकडे नेऊन जमिनीला टेकवायचा, रग्बीतला गोलच समजा. प्रॉपच्या जागेवरच्या माणसाला १२ ट्राय म्हणजे चेष्टा नाही, त्यातल्या तीन तर २००४ ला जपानविरुद्ध एकाच मॅचमध्ये.

प्रॉप म्हणजे काय हे कोल्हापुरात सांगायला सोपं आहे, पैलवान. स्क्रममध्ये आठ विरुद्ध आठ माणसं डोकी घालून भिडतात, सगळ्यात पुढे तिघं, त्यातला उजवीकडचा टाइटहेड प्रॉप म्हणजे तीन नंबर, हा कास्त्रो. डावीकडच्या प्रॉपचा एक खांदा मोकळा असतो, याचे दोन्ही खांदे समोरच्या दोघांच्या मध्ये अडकलेले, मान त्यांच्यात दाबलेली, आणि मागून आपल्याच टीमचे सगळे रेटतायत. समोरून आठ, बाजूनं-मागून सात, आणि मधे याचं मणक्याचं हाड. आखाड्यात दोन मल्ल एकमेकांच्या मानेवर हात टाकून डोक्याला डोकं लावून उभे राहतात ना, तसंच, फक्त इथं वजन दोघांचं नाही सोळा जणांचं. एकशेवीस किलोच्या घरातला हा माणूस, लांब केस, दाढी, आणि असं अंग फक्त व्यायामानं होत नाही, ते खाऊन होतं. वस्ताद सांगतात तसंच, निम्मी कुस्ती ताटात.

२००६ ला तो इंग्लंडमध्ये लेस्टर टायगर्सकडे आला. हा १८८० चा जुना क्लब, त्यांच्याकडे पूर्वापार पाठीवर नंबरांऐवजी अक्षरं असायची, पहिल्या फळीच्या तिघांना ए, बी, सी. त्यामुळे त्यांच्या एका गाजलेल्या फळीचं नावच एबीसी क्लब पडलं होतं. तीन नंबरची जागा म्हणजे सी, आणि कास्त्रोचा पण सी, लोकांना आवडणारच. पहिल्याच सीझनला, २००६-०७ ला, तो इंग्लिश प्रीमियरशिपचा, म्हणजे तिथल्या रग्बी लीगचा, सर्वोत्तम खेळाडू ठरला. प्रॉपला असं बक्षीस फार क्वचित मिळतं, कारण त्याचं काम कॅमेऱ्यात दिसतच नाही. टीम २००७, २००९, २०१० आणि २०१३ ला चॅम्पियन झाली, २००९ ची फायनल तर १०-९, एका पॉइंटनं.

आणि याच लेस्टरच्या दिवसांत रेस्टॉरंट. भागीदार जॉर्डन मर्फी, लेस्टरचाच फुलबॅक, आयर्लंडचा, ७२ आंतरराष्ट्रीय मॅच खेळलेला. एक पुढच्या फळीतला दांडगा, दुसरा सगळ्यात मागे उभा राहून पळणारा. दोघांनी मिळून लेस्टरमध्ये टिमो नावानं इटालियन रेस्टॉरंट काढलं. इटालियनमध्ये टिमो म्हणजे थाइम, ओव्याच्या जवळचा वास असलेली बारीक पानांची वनस्पती. मला हे नाव मनापासून आवडलं. खेळाडू हॉटेल काढतात तेव्हा बहुतेक वेळा बोर्डावर स्वतःचं नाव आणि भिंतीवर स्वतःचे फोटो, इथं नाव मसाल्याचं. आमच्या पेठेत जुन्या पैलवानांनी काढलेली हॉटेलं मी लहानपणापासून बघतोय, जी टिकली ती सगळी रश्श्यामुळे टिकली, गदेच्या फोटोमुळे एकही नाही. नावामुळे गिऱ्हाईक एकदा येतं, दुसऱ्यांदा येतं ते ताटामुळेच.

खेळाडूनं हॉटेल का काढावं हेही समजून घ्यायला पाहिजे. प्रॉपचं शरीर पस्तिशीपर्यंत चाललं तर चाललं, मान नाहीतर पाठ कधीतरी दगा देतेच. मॅचचे पैसे थांबतात पण वय असतं फक्त पस्तीस. लेस्टरसारख्या गावात, जिथं स्टेडियमला वीस-पंचवीस हजार लोक येतात आणि दुसऱ्या दिवशी भाजी घेताना तुम्हाला ओळखतात, तिथं खेळता खेळताच गल्ला उभा करणं हा शहाणपणाच आहे. ओळख ताजी आहे तोवर दुकान उघडावं. आणि इटलीकडून खेळणारा माणूस इटालियन जेवण विकतोय, कुणाला पटवून द्यायची गरजच नाही.

आणि त्याच गावात असताना, तिशीच्या आसपास, त्याला सिलियाक असल्याचं कळलं.

इथं मला थांबायला लागतं, कारण हे वाचलं तेव्हा मी रात्री बारा वाजता गल्ल्यावर बसलो होतो आणि अक्षरशः पोटात कालवलं. विचार करा ना. घर इटालियन, म्हणजे पास्ता. धंदा इटालियन, म्हणजे पास्ता आणि पिझ्झा. खेळ असा की मॅचच्या आदल्या दिवशी ताकदीसाठी पास्ताच खायचा, त्या काळात सगळे रग्बीवाले तेच करायचे. आणि डॉक्टर सांगतात की तुझं शरीर ज्याच्याविरुद्ध लढतंय ते हेच.

सिलियाक म्हणजे ॲलर्जी नाही आणि "गहू पचायला जड" हेही नाही, यावर आमच्या घरात पण खूप वाद झाले म्हणून स्पष्ट लिहितो. गहू, बार्ली म्हणजे जव, आणि राय या धान्यांत ग्लूटेन नावाचं प्रोटीन असतं. सिलियाकवाल्याच्या शरीराची प्रतिकारशक्ती ते ग्लूटेन आलं की स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. आतड्याच्या आत मखमलीसारखे बारीक उंचवटे असतात, त्यातूनच अन्नातलं सत्त्व रक्तात जातं, ते उंचवटे झिजून सपाट होतात. मग कितीही खा, लोह जात नाही, कॅल्शियम जात नाही. माणूस थकतो, रक्त कमी होतं, हाडं ठिसूळ होतात, कुणाचं पोट बिघडतं तर कुणाचं अजिबात बिघडत नाही, म्हणून तर वर्षानुवर्षं कळत नाही. जगात साधारण शंभरात एकाला असतो, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना आपल्याला आहे हेच माहीत नसतं. औषध नाही. एकच उपाय, ग्लूटेन आयुष्यभर बंद.

प्रॉपच्या बाबतीत यातला धोका लक्षात घ्या. ज्याची हाडं आणि मान सोळा जणांचं वजन झेलतायत त्याच्याच हाडांपर्यंत कॅल्शियम पोचत नाही. दमलाय तर लोक म्हणणार वय झालं, सीझन लांबला, जरा सुस्त झालाय. मजबूत माणसाच्या थकव्यावर कुणी चटकन विश्वास ठेवत नाही हो. आमच्या पोरीला पण शाळेत सगळे आळशी म्हणायचे. मी पण म्हणालो होतो एकदा, ते आता आठवलं की वाईट वाटतं.

अजून एक गोष्ट, कारण ही चूक घरोघरी होते: संशय आला म्हणून आधीच गहू बंद करून मग टेस्ट करायला जाऊ नका. रक्ताची टीटीजी टेस्ट आणि दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा तपासणं, दोन्ही गहू खाणं चालू असतानाच खरं सांगतात. आधीच बंद केलं तर आतडं भरून यायला लागतं आणि रिपोर्ट चुकीचा नॉर्मल येऊ शकतो.

गव्हाचा दोष सापडला तो पण भुकेच्या दिवसांत. विलेम डिके नावाचे डच बालरोगतज्ज्ञ होते, त्यांना महायुद्धाच्या आधीपासून संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये ब्रेड मिळेनासा झाला, लोक कंदमुळं खाऊन जगत होते, आणि त्यात या आजाराची पोरं मात्र सुधारली. ब्रेड परत आला, पोरं परत खालावली. १९५० ला त्यांनी यावर प्रबंध लिहिला.

आता कास्त्रोकडे परत. त्याच्यासारख्या माणसाला लपवायचे सगळे रस्ते मोकळे होते. इटालियन रेस्टॉरंटचा मालक स्वतःच पास्ता खात नाही ही जाहिरात कुणाला हवी असते? पण त्यानं लपवलं नाही, मुलाखतींमधून उघड बोलला, स्वतःच्या आत्मचरित्रातही याबद्दल लिहिलं. आणि मग ३ फेब्रुवारी २०१३, रोम, सिक्स नेशन्स म्हणजे युरोपातल्या सहा देशांची दरवर्षीची रग्बी स्पर्धा, तिची पहिली मॅच, समोर फ्रान्स. दुसऱ्या हाफमध्ये कास्त्रोनं ट्राय केला आणि इटली २३-१८ नं जिंकली. गव्हाचा एक कण न खाता एकशेवीस किलोचा प्रॉप फ्रान्सला भारी पडू शकतो, हे मी पुतणीला व्हिडिओ लावून दाखवलं. तिला रग्बी कळत नाही, मलाही तेव्हा फारसं कळत नव्हतं, पण तिनं तो व्हिडिओ तीनदा बघितला.

खाणार काय हा प्रश्न वाटतो तेवढा भयानक नाही, त्याच्या दोन्ही घरांत उत्तर होतंच. उत्तर इटलीत रिसोत्तो, तो तांदळाचा. पोलेंता मक्याची, आपल्या उकडीच्या जवळची. अर्जेंटिनात असादो, म्हणजे मोठे मांसाचे तुकडे निखाऱ्यावर तासन्‌तास भाजायचे, वर मीठ, बस. आणि हे दोन्ही देश या बाबतीत आपल्या फार पुढे आहेत. इटलीनं २००५ ला कायदाच केला, सिलियाकवाल्यांना खास पदार्थांसाठी सरकारी मदत मिळते आणि शाळा, दवाखान्यांच्या कॅन्टीनमध्ये ग्लूटेन नसलेलं जेवण मागितलं तर द्यावं लागतं. अर्जेंटिनात २००९ चा कायदा आहे, पाकिटावर एकच छाप बघायचा, गव्हाच्या लोंबीवर काट आणि खाली "सिन टाक". सिन म्हणजे शिवाय, आणि टाक म्हणजे तिथल्या भाषेतल्या गहू, ओट, बार्ली, राय यांची आद्याक्षरं. किराणा दुकानातल्या पोराला पण ते कळतं.

हॉटेलवाल्यांनी पुढचं नीट वाचा. हे टिमोच्या किचनबद्दल नाही, कुठल्याही इटालियन किचनबद्दल आहे. समजा तुम्ही मक्याचा, तांदळाचा पास्ता आणून ठेवला. मेन्यूत लिहिलं. झालं? नाही. पास्ता उकळायचं एक मोठं पातेलं दिवसभर गॅसवर असतं, त्यात जाळीच्या टोपल्या सोडतात, चार टोपल्या, चार ऑर्डरी, पाणी तेच. संध्याकाळपर्यंत ते पाणी पेजेसारखं दाट आणि पांढुरकं होतं, आणि तो पांढरटपणा म्हणजे गहूच. त्यात तांदळाचा पास्ता सोडला की तो गव्हाचा झाला. तीच चाळण, तीच लाकडी पळी, लाकडाच्या भेगेत तर पीठ बसतंच. तळायची कढई एकच असेल आणि त्यात आधी ब्रेडचा चुरा लावलेलं काही तळलं असेल तर त्याच तेलातले बटाटे पण बाद. आणि पिझ्झा जिथं थापतात तिथं पीठ हवेत उडून सगळीकडे बसतं. मर्यादा किती, तर किलोला २० मिलिग्रॅम, त्याच्या वर असेल तर ग्लूटेन फ्री म्हणता येत नाही, युरोपात तीच आणि आपल्या एफएसएसएआयची, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा खात्याची, पण तीच. किलोला वीस मिलिग्रॅम म्हणजे चिमटीतसुद्धा न येणारं. म्हणून वेगळं पातेलं, वेगळी चाळण, वेगळी कढई, ओट्याचा वेगळा कोपरा आणि आचाऱ्यानं हात धुऊन ॲप्रन बदलणं, याला पर्याय नाही. युरोपात डिसेंबर २०१४ पासून रेस्टॉरंटना १४ ॲलर्जीकारक गोष्टींची माहिती गिऱ्हाइकाला द्यावीच लागते, त्यात ग्लूटेनवाली धान्यं आहेत.

आमच्याकडे काय होतं ते सांगतो. एका हॉटेलात, नाव घेत नाही, पोरीसाठी तांदळाची भाकरी मागवली, वाढप्याला विचारलं गहू नाही ना, म्हणाला "न्हाई वो, चालतंय की". रात्री पोरगी पोट धरून रडत होती. दुसऱ्या दिवशी दादानं जाऊन विचारलं तर भाकरी थापताना परातीत गव्हाचं पीठ लावत होते, चिकटू नये म्हणून. त्या पोरानं मुद्दाम काही केलं नव्हतं, त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. आणि मग आम्ही आमच्याच भटारखान्यात बघितलं तर हिंगाच्या डबीवर बारीक अक्षरात लिहिलेलं, गव्हाचं पीठ. शुद्ध हिंगात गहू नसतो, पण आपण वापरतो त्या भुकटीच्या हिंगात बहुतेक वेळा मैदा किंवा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, खड्याच्या हिंगातही असू शकतं. म्हणजे आमच्या वरणात, आमटीत, सगळ्यात, गेली चाळीस वर्षं. ज्वारी-बाजरी-नाचणी आपल्या घरात पूर्वीपासून आहे, या आजारात आपल्यासारखं नशीबवान कुणी नाही, पण ज्वारी दळायला गिरणीत टाकली आणि आधीचं दळण गव्हाचं असेल तर पहिली ओंजळ-दोन ओंजळ पीठ गव्हाचंच पडतं.

कास्त्रोचं पुढचं आयुष्य सरळ नाही गेलं. २०१३ ला फ्रान्समध्ये तूलाँला गेला, तिथं लागोपाठ दोनदा, २०१४ आणि २०१५ ला, युरोप चॅम्पियन टीममध्ये. मग पॅरिसचा रेसिंग ९२ क्लब. २०१५ च्या वर्ल्ड कपमध्ये पाठीचं दुखणं वाटलं ती कमरेतल्या नसांच्या जाळ्यातली गाठ निघाली, कॅन्सरची नव्हती, ऑपरेशन झालं, आणि २०१६ च्या सिक्स नेशन्सला तो परत इटलीच्या जर्सीत. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मात्र चुकला. घरच्या कारणासाठी जायचंय म्हणून क्लबकडून सुट्टी घेतली आणि फोटो आले लास वेगासच्या पार्टीतले, फुटबॉलवाल्या झ्लाटानबरोबर, त्याच वेळी टीम युरोपची सेमीफायनल खेळत होती आणि तीही लेस्टरविरुद्ध. क्लबनं करार मोडला. मला हे वाचून खरंच वाईट वाटलं, कारण आजाराबद्दल जो माणूस इतकं खरं बोलला त्यानं इथं खरं सांगायला हवं होतं. त्यानंतर तो इटलीच्या टीव्हीवर दिसायला लागला, अजूनही तिकडे घराघरात ओळखतात.

मी या प्रकरणातून स्वतःसाठी एक प्रश्न उचलला, आपल्या हॉटेलात आपल्या घरचं माणूस निर्धास्त बसून जेवू शकतं का. कास्त्रोला तो प्रश्न आजारानं विचारला, आम्हाला पोरीनं. गिऱ्हाईक "यात गहू आहे का" विचारतं तेव्हा वाढप्याला उत्तर माहीत नसेल तर त्यानं "विचारून सांगतो" म्हणावं, एवढं तरी आम्ही आधी बसवलं, आणि ते बसवायलाच तीन महिने गेले.

आता पीठ न मिसळलेला शुद्ध खडा हिंग बघून आणतो, खलबत्त्यात कुटतो. कढई दुसरी घेतली, तिला लाल दोरा बांधलाय कडीला, ती फक्त बटाटावडे आणि भजीची, बेसनाच्या पिठात काही मिसळायचं नाही. भाकरीचा तवा आणि परात वेगळी. गिरणीचं जमलं नाही, गिरणीवाले काका चांगले आहेत, पण सकाळच्या गर्दीत पाळू धुऊन कोण देणार, त्यामुळे वहिनींनी घरातच छोटी चक्की घेतली आणि रोज रात्री दुसऱ्या दिवसाची ज्वारी दळतात. पोरगी शेजारी बसून पीठ चाळते.